डिझेल काहून चावला?

कुंदनच्या पोटरीतून रक्त येत होतं आणि ज्योत्स्ना गवई त्याचा पाय अंगणातल्या नळाखाली धरून साबण चोळत होती.

"ताई, सोडा ना! लय झोंबून राह्यलं!"

"झोंबू दे. अजून धुवायचं हाये. मंग दवाखान्यात जाऊ, सुई घेऊ. मी येतो संगं."

कुंदन म्हणजे आमच्या गल्लीत गॅसची सिलिंडरं आणून देणारा. धट्टाकट्टा गडी, पण त्या दिवशी त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याचं सिलिंडर फाटकाबाहेर आडवं होऊन गडगडत माझ्या दाराशी आलं होतं. आणि घराच्या आत, बंद खिडकीच्या मागे, डिझेल भुंकत होता. असा की काचा हलत होत्या.

मी समोरच राहते. आशा माझं नाव, पोस्टातून निवृत्त. अकोल्यातल्या कौलखेड भागातली आमची गल्ली एवढी अरुंद की गवयांकडे फोडणी पडली की शिंक मला येते. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी जवळून पाहिलं, आणि थोडाफार हातही लावला.

ज्योत्स्ना एसटीत कंडक्टर. अकोला-पातूर गाडी तिची. बाया पहिल्यांदा एसटीत कंडक्टर म्हणून लागल्या तेव्हाची ती. सडपातळ अंग, पण आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस सुटे पैसे हातात घेऊनच जागा व्हावा. तिचा नवरा सुगत वीज कार्यालयात कारकून. सासू सुंदराबाई, ऐंशीच्या घरातल्या, पाठीला बाक पण जिभेला नाही. मुलगी रश्मी अमरावतीला नर्स, तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलेलं, मे महिन्यात.

आणि डिझेल. डेपोत उभ्या गाडीखाली तेलाच्या डबक्यात हे पिल्लू ज्योत्स्नाला सापडलं. धुतल्यावरही काळंच राहिलं, म्हणून डिझेल. वाढून एवढा मोठा झाला की मागच्या पायांवर उभा राहिला तर सुगतच्या खांद्याला लागेल. रश्मी सुट्टीत आली की तिच्या मांडीवर डोकं टाकून घोरायचा. आणि त्याच डिझेलनं, दिवाळी नुकतीच झालेली असताना, न भुंकता, न गुरगुरता, सरळ जाऊन कुंदनची पोटरी धरली होती.

संध्याकाळी गवयांच्या ओसरीत पंचायत बसली. शेजारी म्हणून मीही गेले.

"मी म्हन्तो, सेमाडोहच्या जंगलात सोडून या त्याले," सुंदराबाई म्हणाल्या. "वाघालेबी भेव लागीन."

"आत्याबाई, तो तिकडं चार दिस जगनार नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"मंग मानसं चावू द्यायची का? लग्नाचं घर हाये. अमरावतीचे पाव्हने येतीन. त्यायच्यातल्या कोनाले धरलं तर?"

सुगत मान खाली घालून बसला होता. "माय बरोबर बोलून राह्यली ज्योत्स्ना. त्याले काही कमी केलं का आपन? तरी चावला. डोकं फिरलं त्याचं."

ज्योत्स्नानं आधी सुगतकडे पाहिलं. मग म्हणाली, "मानूस गाडीत भांडाले लागला, तर मी त्याले पह्यले उतरवत नाही. पह्यले पाह्यतो की काहून भांडून राह्यला. हा काहून चावला, ते मले पाह्यचं हाये. लग्नापत्तोर. तवापत्तोर जमलं नाही, तर तुमी म्हनान तसं."

कुणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं रजा टाकली आणि डिझेलला ऑटोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मला सोबत घेतलं, कारण सुगत ऑफिसला गेला होता आणि ऑटोवाला एकट्या बाईबरोबर ते काळं धूड घ्यायला तयार नव्हता. माझ्यामुळे त्याला काय धीर आला देव जाणे. मी स्वतः बाजूच्या दांडीला चिकटून बसले होते.

डॉक्टर प्राजक्ता देशमुख तरुण, हसऱ्या, पण डिझेलकडे थेट गेल्या नाहीत. दाराशी तिरप्या उभ्या राहून ज्योत्स्नालाच प्रश्न विचारत राहिल्या. लस टोचली आहे ना? खातो का नीट? झोपतो? हल्ली कुठे हात लावलेला आवडत नाही का?

"डोक्याले," ज्योत्स्ना म्हणाली. "पह्यले खाजवून घ्यायचा. आता मान काढून घेते."

"कुठली बाजू?"

ज्योत्स्ना थबकली. "उजवी. सारी वेळ उजवीच!"

त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि डॉक्टरांनी उजव्या कानात बॅटरी मारली. आम्हालाही दाखवलं. आत खोलवर पिकलं होतं. वास असा की मी तोंडाला पदर लावला.

"किती महिने हे सोसतोय बिचारा," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाचा असा कान दुखला असता तर घरातल्या सगळ्यांवर खेकसला असता."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी चेहरा उजळलासुद्धा. "म्हंजे कान बरा झाला की..."

"थांबा थांबा. कान हे एक झालं. दुखण्यानं चिडका झाला, पण त्या माणसालाच का धरलं? घरात आणखीही लोक येतात ना?" मग त्यांनी विचारलं, "चावायच्या आधी गुरगुरला का?"

"नाही. एक आवाज नाही."

"आधी कधी गुरगुरायचा?"

"उन्हाळ्यात लय गुरगुरायचा. मंग यायनं," म्हणजे सुगतनं, "पेपराची गुंडाळी करून हानली, तवा बंद झाला."

डॉक्टरांनी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली. "ताई, गुरगुरणं म्हणजे त्याचं सांगणं असतं. जवळ येऊ नको, मला भीती वाटतेय. सांगितलं की मार बसतो हे त्याला कळलं. मग त्यानं सांगणं सोडलं. भीती तेवढीच राहिली. आता तो सांगत नाही, थेट चावतो."

परत येताना ऑटोत डिझेल माझ्या पायांवर गुंगीत पडला होता आणि ज्योत्स्ना सारखं एकच वाक्य म्हणत होती, "काकू, सांगून राह्यला होता हो तो! सांगून राह्यला होता!"

सुगतला तिनं हे सगळं सांगितलं. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ कानात थेंब घालायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. आधी भाकरीचा तुकडा, मग कानाला नुसता हात, पुन्हा तुकडा, मग थेंब. पहिल्या दिवशी डिझेल गुरगुरला. सुगत हात मागे घेऊन म्हणाला, "बरं बापा, थांबतो." आणि खरंच थांबला. मी फाटकातून पाहत होते. पेपरची गुंडाळी करणारा हाच का तो माणूस, असं वाटून गेलं.

आता उरला तो दुसरा प्रश्न. कुंदनच का?

ज्योत्स्ना ड्यूटीवरून आली की खिडकीत खुर्ची टाकून बसायची, डिझेल शेजारी. रस्त्यावरून कोण जातं आणि डिझेल काय करतो, एवढंच पाहायचं. डॉक्टरांनी काय काय पाहायचं ते शिकवलं होतं. तोंड मिटून एकदम दगडासारखा होणं. नाक सारखं चाटणं. डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. शेपूट हलते म्हणजे खूशच असं नाही, ताठ उभी राहून हलत असेल तर सावध. ज्योत्स्नाला हे फार लवकर जमलं. गाडीत कोण कोणाच्या अंगावर जाणार ते ती जबड्यावरून ओळखायची, आता कुत्र्याचा जबडा वाचू लागली.

भाजीवाली आली, डिझेल आडवा पडलेला. शाळेची पोरं ओरडत गेली, एक कान वर. पोस्टमन सायकलवर, काही नाही. मग गल्लीच्या तोंडाशी शिडी खांद्यावर घेतलेला केबलवाला दिसला, आणि डिझेल दगड!

एका रविवारी सकाळी ती चप्पल न घालताच धावत माझ्या दारात आली. "काकू! काकू, सापडलं! खांद्यावर!"

"काय खांद्यावर?"

"सामान! मानसाच्या खांद्यावर काही असलं का हा बिघडते. शिडी असो, पाइप असो, सिलिंडर असो. हातात असलं तर काही नाही. कुंदन रोज हातगाडीवर आनते, त्या दिवशी खांद्यावर आनलं होतं! हातगाडी पंक्चर होती त्याची. मी विचारून आलो आताच!"

मी चहा टाकत होते, दूध उतू गेलं. दोघी तिथेच नाचायच्या बाकी राहिलो. कुत्रा का चावला याचं उत्तर एवढं साधं, एवढं स्वच्छ असेल असं कोणाला वाटलं होतं! डेपोत पिल्लू असताना कोणी लांब झाडू किंवा पहार खांद्यावर टाकून त्याच्यामागे लागलं असेल का, असा तर्क आम्ही बराच लढवला. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "असेल, नसेल. ते कधीच कळणार नाही, आणि नाही कळलं तरी चालतं. काय दिसलं की तो घाबरतो हे कळलं ना? आता तिथून सुरुवात."

सुरुवात मुसक्यापासून झाली. कुत्र्याच्या तोंडाला बांधायची जाळीची टोपली असते, त्यात त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. सुंदराबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "हे तं बैलाचं मुसकं! मळणीत घालत होतो आमी." तेव्हापासून आम्ही सगळे मुसकंच म्हणू लागलो. ज्योत्स्नानं ते एकदम त्याच्या तोंडावर चढवलं नाही. आत दही लावलं आणि नुसतं हातात धरलं. डिझेलनं स्वतः तोंड घालून चाटलं. असे कितीतरी दिवस. मग एके दिवशी पट्टा लावला, लगेच काढला. होता होता मुसकं दिसलं की डिझेल शेपूट घुसळत यायला लागला, जणू फिरायला जायचा सदराच.

पुढचा भाग अवघड होता. डॉक्टरांनी सांगितलं की त्याला भीतीची गोष्ट लांबून दाखवायची. इतक्या लांबून की त्याला दिसेल, पण तो दगड होणार नाही. दिसली की लगेच आवडीचा घास. म्हणजे खांद्यावर ओझं असलेला माणूस दिसला की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. आणि बरोबर कोणत्या क्षणासाठी घास मिळाला हे त्याला कळावं म्हणून एक छोटा आवाज हवा, दर वेळी अगदी एकसारखा. त्यासाठी बाजारात टिकटिक वाजणारी डबी मिळते.

ज्योत्स्नानं पर्समध्ये हात घातला. तिकिटं यंत्रातून निघायला लागायच्या आधी कंडक्टर ज्यानं तिकिटाला भोक पाडायचे तो लोखंडी पंच तिनं बाहेर काढला. जुनी आठवण म्हणून ती तो जवळ बाळगायची. "हे चालीन का?" तिनं तो दाबला. कट्!

डॉक्टर इतक्या जोरात हसल्या की बाहेरून कंपाउंडर डोकावला. "चालेल काय, मस्त चालेल! करा पुन्हा!" कट्!

आता खांद्यावर ओझं घेऊन फिरणारा माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे मी.

हिवाळ्यातली कोवळी उन्हं. गल्लीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, टोकाला कडुनिंब. मी त्या कडुनिंबाखाली, खांद्यावर झाडू. पलीकडच्या टोकाला ज्योत्स्ना, डिझेल मुसक्यासकट तिच्या शेजारी, पट्टा तिच्या हातात घट्ट. मी झाडामागून बाहेर यायचं, चार पावलं चालायचं, पुन्हा झाडामागे. येणारे-जाणारे थांबून पाहत. "आशाताई, काय करून राह्यल्या?" "व्यायाम!" मी ओरडून सांगायची. खोटं नव्हतं ते.

मी बाहेर आले की डिझेल पाहायचा. कट्! उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा जाळीतून आत. मी झाडामागे, खाऊ बंद. मी बाहेर, कट्, तुकडा. काही दिवसांनी तो मला पाहून आपण होऊन ज्योत्स्नाकडे वळून बघायला लागला. आली बघ ती झाडूवाली, आण माझा तुकडा! ज्योत्स्ना तिथूनच किंचाळली, "काकू, पाह्यलं का! मायाकडं पाह्यलं त्यानं!" आणि मी खांद्यावरचा झाडू हवेत उडवला, मग आठवलं की असं करायचं नसतं.

आम्ही जवळ सरकत गेलो. एकदा फार घाई केली. रश्मी सुट्टीवर आली होती, तिला दाखवायच्या नादात मी एकदम बरीच पुढे गेले. डिझेलचं तोंड मिटलं, ज्योत्स्ना "काकू थांबा" म्हणेपर्यंत त्यानं झेप घेतली. पट्टा ताणला गेला, तो हवेत, मी धुळीत पाठीवर. मुसकं होतं आणि पट्टा होता, म्हणून तेवढ्यावरच निभावलं. घरी जाऊन मी हळद-दूध घेतलं. ज्योत्स्ना पायाशी बसून रडली.

"चुकलं मायं. मीच घाई केली. काकू, उद्यापासून तुमी येऊ नका."

"उद्या मी कडुनिंबापाशी असेन," मी म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून. तू कोंबडी उकड."

त्याच सुमारास तिनं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. समोर काही आलं की पाठ फिरवून तिच्याकडे धावत यायचं. त्यासाठी शब्द ठरवला, "मांगं सरक!" गाडीत दारात गर्दी करणाऱ्यांना ती हेच दिवसातून शंभरदा म्हणते. आधी घरात, काहीच समोर नसताना. मग अंगणात. मग प्लॉटवर, चेंडू पडलेला असताना. दर वेळी मागे वळला की कट्, आणि एक नाही, मूठभर तुकडे.

फाल्गुन लागता लागता कुंदन आला. होय, कुंदनच! पोटरीवरचे दातांचे डाग अजून जांभळे होते. ज्योत्स्ना त्याच्या प्रत्येक सुईला दवाखान्यात गेली होती, त्यामुळे दोघांचं भावा-बहिणीसारखं झालं होतं. "ताई, आशाकाकूले घाबरत नाही, ते काय मोठं? मायासमोर दाखवा," तो म्हणाला. रिकामं सिलिंडर खांद्यावर घेऊन तो कडुनिंबाखाली उभा राहिला. डिझेलनं पाहिलं. नाक चाटलं. पुन्हा पाहिलं. आणि मान वळवून ज्योत्स्नाकडे बघितलं. कट्! कट्! कट्! "एकदाच वाजवायचं असते ना?" मी ओरडले. तिला ऐकूच आलं नाही.

मग मे आला. अकोल्याचा मे म्हणजे सकाळी नऊलाच रस्ता तव्यासारखा. लग्न अमरावतीला होतं, पण हळद घरी, अंगणात मंडप. मंडप म्हणजे बांबू, आणि बांबू माणसं खांद्यावरूनच आणतात. ज्योत्स्नानं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. टेम्पो दुपारी येणार, त्याआधी डिझेलला आतल्या खोलीत ठेवायचं, कुलर लावून, चघळायला हाडूक देऊन. त्याची परीक्षा घ्यायची नाही. "शिकला म्हून काय त्याले त्रास द्यायचा?" ती म्हणायची.

टेम्पो सकाळीच आला.

सुगत डिझेलला नेहमीच्या चकरेवरून परत आणत होता. मुसकं होतं, पट्टा होता. फाटकापाशी पोचला आणि कोपऱ्यावरून टेम्पो वळला. मागचं फळकं धाडकन पडलं. तीन गडी उतरले आणि एकेकानं बांबूंची मोळी खांद्यावर घेतली. मी माझ्या दारात रांगोळी काढत होते. हातातली चिमूट तशीच राहिली.

सुगत मागे हटायला लागला. तेवढ्यात एकाच्या खांद्यावरून मोळी सटकली. बांबू डांबरावर असे कडाडले की मीच दचकले. डिझेलनं उडी मारली, सुगतच्या घामट हातातून पट्टा निसटला. काळा गोळा बाणासारखा त्या गड्याकडे! गडी ओरडला, दुसरा टेम्पोवर चढला, सुगत "अरे! अरे!" करत मागे. मुसकं आहे हे कुणाला माहीत? मलाही क्षणभर आठवलं नाही.

ज्योत्स्ना ओसरीत हळद कालवत होती. ती उठली. किंचाळली नाही. रोज पातूरच्या गाडीत लावते तो आवाज तिनं लावला, भरदार, सपाट, घाई नसलेला.

"डिझेल! मांगं सरक!"

तो थांबला! पुढचे पाय घसरले, धूळ उडाली. समोर दोन हातांच्या अंतरावर तो गडी, बांबू, ओरडा. डिझेलनं त्याच्याकडे पाहिलं. मग मान फिरवली. आणि पट्टा फरफटवत, कान मागे टाकून, तो पळत सुटला, माघारी, फाटकातून आत, ओसरीवर, थेट ज्योत्स्नाच्या पायांत!

गल्लीत अशी आरोळी उठली की वरच्या माळ्यावरची माणसं खिडकीत आली. मी रांगोळी तुडवत धावले. सुगत फाटकाला धरून हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. ज्योत्स्ना खाली बसली होती, हळदीचे दोन्ही हात त्याच्या काळ्या मानेवर. "आला! मायं लेकरू आलं! पाह्यलं का तुमी? आला ना तो!"

"अवो त्याले काही देशान का नुसतंच बोलशान?" हा आवाज सुंदराबाईंचा. त्या स्वयंपाकघरातून आल्या होत्या, हातात उकडलेलं अंडं, सोललेलं. डिझेल घरात आल्यापासून त्यांनी त्याला कधी हातानं खाऊ घातलं नव्हतं. ज्योत्स्ना त्याला आत घेऊन गेली, दार लावलं, मुसकं काढलं. दार किलकिलं झालं तेव्हा सुंदराबाई आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या, "जीभ लय गरम हाये त्याची."

संध्याकाळी हळदीला अमरावतीचे पाहुणे आले. सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर गेलाच होता. "आम्हाले पाहू द्या ना तुमचा डिझेल!" जावईबापू म्हणाले. ज्योत्स्नानं हात जोडले. "आज नाही. सकाळीच त्यानं लय मोठं काम केलं. आता त्याले झोपू द्या." दार बंदच राहिलं. आत कुलर घोंघावत होता आणि तो खुशाल घोरत होता.

डिझेल गाय झालेला नाही, हे सांगायला हवं. आजही पाहुणे आले की तो आत जातो. बाहेर निघताना मुसकं असतंच. फाटकावर पाटी आहे, "कुत्रा आहे, आधी हाक मारा." कुंदन सिलिंडर हातगाडीवरच आणतो आणि फाटकाबाहेरून ओरडतो. कधी डिझेल गुरगुरतो. गुरगुरला की घरातलं कुणीही असो, जे करत असेल ते थांबवतं.

पण बातमी पसरायची ती पसरली. आठवडी सुट्टीच्या दिवशी ज्योत्स्नाच्या दारात कोणी ना कोणी आपल्या कुत्र्याची तक्रार घेऊन उभं असतं. ती प्रत्येकाला आधी डॉक्टरांकडे पाठवते, मग पुढचं बोलते. परवा रश्मीचा फोन आला. तिच्या शेजारच्या कुलदीपच्या घरी तांबडा लॅब्राडोर आहे, जेवताना जवळ गेलं की अंगावर येतो. ज्योत्स्नानं मला उठवलं आणि आम्ही सकाळच्या गाडीनं अमरावतीला.

कुलदीप तरुण पोरगा, जिमवाला. म्हणाला, "मालक कोन हाये ते कळावं म्हून मी रोज त्याच्या भांड्यात हात घालतो."

ज्योत्स्नानं त्याच्याकडे पाहिलं. "आन तुमच्या ताटात रोज कोनी हात घातला तर?"

तो हसला, मग हसू थांबलं. तासाभरानं तोच कुलदीप भांड्यापासून लांब उभा राहून, कुत्रा जेवत असताना, त्याच्या दिशेनं पनीरचे तुकडे टाकत होता. टाकायचे आणि निघून जायचं, घ्यायला यायचं नाही. कुत्र्यानं एकदा तोंड वर करून त्याच्याकडे पाहिलं, शेपटी सैल हलली, आणि कुलदीप एवढा मोठा गडी उडी मारून म्हणाला, "ताई, पाह्यलं का!"

परतीच्या गाडीत ज्योत्स्ना प्रवासी म्हणून बसली होती, पण तोंड बंद नव्हतं. बडनेरा गेलं, तिचं बोलणं चालूच. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहाला उतरलो. टपरीच्या बाकाखाली एक गावठी कुत्री पिल्लांना घेऊन पडली होती. बाकावर बसायला आलेल्या माणसाला पाहून ती गुरगुरली. त्यानं चप्पल उचलली.

"भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली, "तिचे लेकरं हायेत खाली. इकडं बसा ना, मायापाशी जागा हाये."

माणूस जरा घोटाळला, मग चप्पल पायात सरकवून आमच्या बाकावर येऊन टेकला. कुत्रीनं डोकं पुन्हा पंजांवर ठेवलं. चहावाल्यानं तीन कप पुढे केले आणि ज्योत्स्ना त्या अनोळखी माणसाकडे वळून बसली, डोळे चमकत. "तुमच्या घरी हाये का हो कुत्रं?"